अण्णांच्या दोराची गाठ कुणी ओळखेल का?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा 'तंत्र'मध्ये काढायचा की 'आठवणी'मध्ये, यात दोन दिवस गेले. शेवटी इथे टाकतेय. संपादकांना वाटलं तर हलवावा.

प्रश्न आधीच विचारून ठेवते, नाहीतर लिहिण्याच्या भरात तोच राहील. आमच्या घरात सासूबाईंच्या पलंगाच्या खांबापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत कमरेच्या उंचीवर एक जाड सुती दोर ताणलेला असतो. असायचा. सासूबाईंना काचबिंदू आहे. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याला उजेड की अंधार एवढंच कळतं. दोर धरून त्या एकट्या जातात-येतात. दोराला गाठी आहेत. एक गाठ लागली की पुढे उंबरा, दोन जवळजवळ लागल्या की पायरी, आणि शेवटी एक जाडजूड गाठ, म्हणजे थांब, हात पुढे कर, कडी तिथे आहे. हे सगळं अकरा वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी केलं. अण्णा दोन महिन्यांपूर्वी गेले.

गेल्या आठवड्यात घराला रंग दिला, त्यासाठी दोर सोडावा लागला. परत बांधणार कोण, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. न्हाणीघराच्या बाजूची गाठ तर एका हिसक्यात सुटली. नवरा म्हणालासुद्धा, "बघ, किती सोपी आहे." आता तीच जमत नाहीये. आम्ही बांधतो ती आपली साधी गाठ, सकाळी ताठ आणि संध्याकाळी झोळ. परवा आई अर्ध्या वाटेत थांबल्या. दोर हातात होता, पण तो हाताबरोबर खाली जात होता. पुढे जाईनात, मागे येईनात. मी पाहिलं तेव्हा किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. हाक म्हणून मारली नाही.

गाठीचा फोटो नाही. मुलीच्या नाचाचा एक व्हिडिओ आहे, त्यात तिच्या मागे तीनेक सेकंद ती दिसते, तीही धूसर. त्यावरून सांगते. भिंतीतल्या हुकाच्या हातभर अलीकडे दोरातच एक फास केलाय. दोराचं टोक हुकाला वळसा घालून मागे येतं, त्या फासातून जातं आणि पुन्हा हुकाकडे ओढलेलं दिसतं. मग फासापाशी काहीतरी गुंडाळलंय. या गाठीला काय म्हणतात? आणि शिकायची कशी?

आता अण्णांबद्दल. प्रश्नाशी संबंध नसलेलं वाचायचं नसेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

१९६४ साली, अठराव्या वर्षी ते सैन्यात गेले. खडकीला, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंत्यांत. १९७१ला पश्चिम सीमेवर होते. पंधरा वर्षं पुरी करून हवालदार म्हणून घरी आले आणि वर्षभरात मुंबईच्या अग्निशमन दलात लागले. २००४ला तिथून निवृत्त झाले. हे सगळं आम्हाला कागदपत्रांवरून माहीत, त्यांच्या तोंडून फारसं नाही. पाहुणे विचारायचे, "युद्धात काय काय पाहिलंत?" अण्णा म्हणायचे, "थंडी." आगीचं विचारलं की, "धूर." नातवंडं रुसायची. पदकं सुईदोऱ्याच्या डब्यात असायची, बटणांबरोबर. संग्राम मेडल, पश्चिमी स्टार, आणखी दोन. कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं. बटण शोधताना ती हाताला लागायची, आम्ही बाजूला सारायचो.

मला बघायला आले तेव्हा सगळे बैठकीत बसले आणि अण्णा पाणी मागायच्या निमित्ताने आत. ओट्याखाली वाकून गॅसची नळी पाहिली आणि माझ्या बाबांना म्हणाले, "हिची मुदत संपलीय. नळीवरच छापलेली असते, बघा." बाबांना भयंकर राग आला. लग्न जुळलं तरी तो राग बरीच वर्षं पुरला. नळी मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलली.

रात्री घरात सगळ्यात शेवटी अण्णा झोपायचे. रेग्युलेटर बंद आहे ना, हे हात लावून बघायचे, डोळ्यांवर विश्वास नव्हता. खिडकीच्या ग्रीलला उघडणारी झडप ठेवून घेतली होती, तिची किल्ली एकाच खिळ्याला. ती एकदा मी दुसरीकडे ठेवली. त्या दिवशी मी अण्णांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि शेवटचा. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की बसायच्या आधी बाहेर पडायची दारं मोजायचे आणि नातीला विचारायचे, "किती?" ती आता सातवीत आहे, अजून मोजते.

लोकांना वाटायचं, हे २६/११ला ताजला असणार. तोवर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्या रात्री टीव्हीसमोर उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शिड्या लावून वरच्या मजल्यांवरून लोकांना उतरवताना दाखवत होते. मी बघितलं तर अण्णांचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता, शेजारच्या सीटवर बसलेला माणूस घाबरून ब्रेक दाबतो ना, तसा.

आईंच्या डोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. घरी येऊन अण्णांनी काय करावं? डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि चार दिवस तसेच घरात वावरले. पलंगापासून न्हाणीघर किती पावलं, गुडघा कुठे आपटतो, कुठे हाताला काहीच लागत नाही. स्टुलावर आपटून नडगी फोडून घेतली. आई ओरडत होत्या, "अहो, मला दिसत नाही, तुम्हाला काय झालंय?" पाचव्या दिवशी दोर आणला. उंची ठरवताना आईंना उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि त्यांच्या मनगटापाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ती खूण परवाच्या रंगाखाली गेली.

दर रविवारी सकाळी दोराचा ताण बघायचे. पलंगावर बसून बोटाने टिचकी मारायचे, तंबोऱ्याच्या तारेला मारतात तशी.

मधली आळी

वाचून गलबलले. भावपूर्ण श्रद्धांजली. गाठींमधलं काही कळत नाही, पण टॉवेलचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये.

शंकासुर

अण्णांबद्दल आदर आहेच. पण व्यवहाराचं विचारतो. दोर कशाला? स्टीलची दांडी बसवून घ्या. एकदा बसवली की सैल नाही, झोळ नाही, दर रविवारचं काम नाही. वयस्कर माणूस तोल गेला तर दोरावर सावरू शकत नाही. भावनेपायी धोका पत्करू नये.

उंबरठा

शंकासुर, बरोबर आहे तुमचं, आणि न्हाणीघराच्या आत दांड्या आहेतच, दोन. अडचण मधल्या खोलीची आहे. तिथे आठ-नऊ फूट भिंतच नाही, खोलीच्या मधून जावं लागतं. दांडी लावायची तर जमिनीतून खांब काढायचे, मग बाकीच्यांनी त्यावर आपटायचं. दोर कसा, कुणाला पलीकडे जायचं असलं की वर उचलून खालून जाता येतं. अण्णा आणखी एक म्हणायचे, दांडी सगळीकडे सारखीच लागते, हाताला कळत नाही आपण कुठे आलो.

जुना बंबवाला

ताई, अण्णांना कडक सलाम. मी पण त्याच दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो, केंद्र वेगळं. नाव विचारत नाही. आमच्यातले अर्धे असेच, घरी तोंड उघडत नाहीत.

लोकांना वाटतं आत शिरल्यावर आम्हाला ज्वाळा दिसतात आणि आम्ही पाणी मारतो. अहो, दिसत काही नाही. स्वतःचा हात दिसत नाही. पाठीला बी.ए. सेट (श्वासासाठी हवेची टाकी), तोंडाला मास्क, आणि हाताला भिंत. आत जाताना डावा हात भिंतीला असेल तर परतताना उजवा हात त्याच भिंतीला ठेवायचा. भिंत सोडली की माणूस हरवतो, दहा बाय दहाच्या खोलीतसुद्धा. होज, म्हणजे पाण्याची नळी, बरोबर असेल तर ती धरून मागे यायचं. तळघर, गोदाम असलं की मार्गदोरी बांधत आत जातात. तिच्यावर खुणा असतात, चाचपलं की बाहेरची बाजू कुठली ते कळतं. तुमच्या घरातला दोर म्हणजे तीच. टॉवेलचं पण आश्चर्य नाही. ट्रेनिंगला मास्कची काच झाकून आम्हाला असंच फिरवायचे. अण्णांनी आधी स्वतःची ड्रिल घेतली आणि मग काम केलं.

गाठींचं. पलंगाच्या खांबाला बहुतेक 'राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस' असणार. खांबाला पूर्ण दोन वेढे, मग मूळ दोरावर दोन अडक, म्हणजे अर्ध्या गाठी. ती कितीही ओढा, सरकत नाही. शेवटची जाड गाठ 'फिगर ऑफ एट', इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसते. ताणाच्या गाठीचं तुमच्या वर्णनावरून नक्की सांगता येत नाही. व्हिडिओतलं चित्र थांबवून इथे चिकटवता येईल का?

चौकस

१४ एप्रिलला अग्निशमन दलाचा कार्यक्रम असतो तो याच कामाबद्दल ना? तारीख तीच का, हे मला कधी कळलं नाही.

जुना बंबवाला

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलेलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच्याच जोडीला कापसाच्या गाठी. कापूस पेटला की आत धुमसत राहतो, वरून पाणी मारून विझत नाही. आमचे लोक दुपारपासून पाणी मारत होते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. पार शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. दलाचे ६६ जण गेले. जहाजात काय आहे ते कळल्यावरही जागा सोडली नाही. त्यांच्यासाठी देशभर हा दिवस पाळतात, पुढचा आठवडा अग्निसुरक्षा सप्ताह. भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे.

आणि एवढ्या जुन्या काळात कशाला जायचं? ९ मे २०१५, काळबादेवी. इमारत कोसळली तेव्हा आमचे अधिकारी तिथे होते. संजय राणे आणि महेंद्र देसाई जागीच गेले. सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर नंतर हॉस्पिटलात गेले. दलाचा प्रमुख माणूस ऑफिसात बसून राहिला असता तर कोण काय बोलणार होतं? पण तसं होत नाही आमच्यात.

माफ करा, विषय भरकटला.

घंटानाद

भरकटू द्या. मी केंद्रावरच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वडील यंत्रचालक होते, म्हणजे बंब चालवायचे. घंटा झाली की घरातलं सगळं थांबायचं. वडील वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, गेले की आई ताटावर ताट पालथं घालून ठेवायची आणि खिडकीशी जायची. आवाजावरून सांगायची, एक गाडी गेली, दुसरी गेली. दोनावर थांबलं की परत कामाला लागायची. शिडीची गाडीही बाहेर पडली तर तिथेच उभी राहायची. आम्हा पोरांना ते मोजणं खेळासारखं वाटायचं. ती काय मोजत होती ते माझं लग्न झाल्यावर कळलं.

वडील परत आले की आधी अंघोळ. तरी उशीला धुराचा वास असायचा. तो वास मला अजून घरचा वाटतो. विचित्र आहे, पण आहे.

उंबरठा

घंटानाद, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्याकडे ताटावर परात असायची."

टिवटिवाट

परदेशात तर अशा आजींसाठी सेन्सर असलेली घरं असतात, बोलून सांगतात कुठे वळायचं ते. आपल्याकडे अजून दोऱ्या बांधतोय.

शंकासुर

टिवटिवाट, वीज गेली की तो सेन्सर काय सांगतो? (दांडीवाला मीच होतो, पण मधल्या खोलीचं पटलं मला.)

संपादक

सेन्सर विरुद्ध दोर असा स्वतंत्र धागा काढावा. इथे धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, नको.

दोन नंबर कंपनी

ताई, मी पण सॅपर, खडकीचाच. अण्णांच्या बऱ्याच नंतरचा. 'सर्वत्र' हे आमचं बोधवाक्य, ते तुमच्या न्हाणीघरापर्यंत पोचलं हे वाचून छाती फुगली.

जुना बंबवाला साहेबांनी धुराचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. सुरुंग पेरलेल्या जमिनीतून वाट काढताना माणूस पोटावर झोपतो आणि टोचणीने तिरपं टोचत इंच-इंच पुढे जातो. सरळ वरून टोचायचं नाही, सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडतो. मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावत जायचं. मागून येणाऱ्याने फितीच्या आत राहायचं, बस. रात्री अंधारात हाताने फीत चाचपत पलटणी पुढे जातात. ज्यांनी ती लावली त्यांना मागचे लोक ओळखतही नाहीत. अण्णा १९७१ला पश्चिमेला होते म्हणजे हे काम त्यांनी केलेलं असणार. 'थंडी' एवढंच म्हणाले ते बरोबर आहे. डिसेंबरच्या रात्री गारठलेल्या बोटांना तार लागते की गवताची काडी, तेच कळत नाही.

आमच्याकडे प्रत्येक रिक्रूटला सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची कथा सांगतात. बॉम्बे सॅपर्सचे, परमवीर चक्र. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता, पुढे सुरुंग आणि पाडलेली झाडं. जखमी असताना हा माणूस रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर रांगत गेला आणि दोरीने खूण करून चालकाला कधी चाल, कधी थांब ते सांगत राहिला. दोरीवरून आठवलं.

गाठ: तुमचं वर्णन वाचून मला 'वॅगनर्स हिच' वाटते. पण हात चालतो तशी जीभ चालत नाही, लिहून समजावता येईल का शंका आहे.

हायवे

मी सांगतो. माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. चित्र बघायची गरज नाही, ही ताडपत्रीची गाठ! रस्त्यावर कुठलाही भरलेला ट्रक बघा, ताडपत्रीवरून आलेला दोर खाली हुकाला असाच बांधलेला असतो. क्लीनर पोरं डोळे मिटून बांधतात.

असं करा. पलंगाचं टोक आधी पक्कं करा, वर सांगितलंय तसं. आता हुकापाशी या. हुकाच्या हातभर अलीकडे दोराला एक पीळ द्या, गोल कडं तयार होईल. त्या कड्यातून दोराचाच दुमडलेला पदर, टोक नव्हे, ओढून घ्या, म्हणजे फास झाला. मग मोकळं टोक हुकावरून घेऊन मागे आणा, फासातून ओवा आणि पुन्हा हुकाच्या दिशेने ओढा. इथे बघा, तुमची ताकद वाढल्यासारखी वाटेल. कप्पीसारखं काम करतं ते. हवा तेवढा ताण आला की फासाच्या तोंडाशी दोन बोटांनी चिमटीत घट्ट धरा, सोडू नका, आणि टोकाने दोन अडक मारा. दुसरी अडक मारताना टोक पूर्ण न ओढता पदर ठेवला की सोडताना एका हिसक्यात सुटते. तुमच्या मिस्टरांनी तोच हिसका दिला.

एक लक्षात ठेवा. फास उलट पडला तर ताण देताच विरघळतो. तसं झालं तर पीळ दुसऱ्या बाजूने द्या. पहिल्या चार वेळा चुकतंच.

दोन नंबर कंपनी

हायवे, जिंकलात. तीच ती. आम्ही साहेबी नाव घेऊन बसलो.

जुना बंबवाला

आता दोराबद्दल. जुना वापरू नका. अकरा वर्षं हाताचा घाम पिऊन सुताचा दम जातो, आतून तुटत येतो आणि वरून कळत नाही. पीळ उलगडून बघा, आत भुसा पडत असेल तर टाकून द्या. नायलॉन घेऊ नका. ताण पडला की लांबतो, गाठ घसरते आणि म्हाताऱ्या हाताला काचतो. सुतीच घ्या, अंगठ्याएवढा जाड. पण बांधायच्या आधी रात्रभर भिजत घाला आणि खाली वजन टांगून वाळवा. सुती दोर ओला झाला की आखडतो, वाळला की सैल पडतो. न्हाणीघराशेजारी ओल असणारच. तुमचा झोळ निम्मा त्यामुळे असेल.

आणि शंकासुर म्हणाले ते विसरू नका. दोर वाट दाखवायला आहे, भार घ्यायला नाही. हे आईंनाही सांगा.

लंबक

साहेब, अवांतर विचारतो, तुम्ही आहात म्हणून. गेल्या महिन्यात आमच्याकडे रात्री गॅसचा वास आला. आम्ही पंखा लावला, वास जावा म्हणून. काही झालं नाही, पण शेजारचे म्हणाले चूक केली. काय करायला हवं होतं?

जुना बंबवाला

लंबक, तुमचं नशीब थोर. पंख्याचं बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी पडते, तेवढी पुरते. वास आला की कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. दिवा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीबरोबर दारं उघडायची, खालून वारा जायला हवा. रेग्युलेटर बंद करा, माणसं बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊनच करा. गॅस गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१.

दुसरं, कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात ओतू नका. भडका छतापर्यंत जातो. खालचा गॅस बंद करायचा, वर बसेल असं झाकण बाजूने सरकवत ठेवायचं, आणि पुरतं गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही. लोक दोन मिनिटांनी उचलतात आणि परत पेटतं. उचलायची घाई करणारे मी फार पाहिलेत, बहुतेक शिकलेले असतात.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही.

धुराने भरलेल्या जागेत उभं राहू नका, रांगा. ज्वाळा लागायच्या आधी धूर माणसाला घेतो.

नर्मदा२

उंबरठाताई, एक कामाचं. आईंच्या पेन्शनचं बघितलंत का? सैन्याचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि नंतरच्या नागरी नोकरीचं, अशी दोन्ही विधवेला मिळू शकतात. पूर्वी एकच निवडावं लागायचं, २४ सप्टेंबर २०१२पासून दोन्ही चालतात. आमच्या काकूंना एका कार्यालयात स्पष्ट 'नाही' म्हणून परत पाठवलं होतं, वर्ष गेलं त्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला आणि आईंचं नाव असलेला पेन्शनचा कागद घेऊन जा. डिस्चार्ज बुकात आईंचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का तेही बघा. काकूंचं सगळं तिथेच अडलं होतं.

उंबरठा

नर्मदा२, खूप आभार. एकच मिळतं असं समजून आम्ही गप्प बसलो होतो. डिस्चार्ज बुक काढलं. आईंचं नाव माहेरचं लागलंय! आता ते बघणं आलं.

दोराचा वृत्तान्त. जुन्याचा पीळ उलगडला, आत खरंच भुसा. नवीन आणला, भिजवला, गॅलरीत पाण्याची बादली टांगून दोन दिवस वाळवला. शेजारी विचारून गेले काय चाललंय. रविवारी बांधायला बसलो. मी चुकले, नवरा सहा वेळा चुकला आणि फास प्रत्येक वेळी विरघळला. मुलगी मागे उभी राहून हायवेंचा प्रतिसाद मोठ्याने वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पीळ अण्णांच्या उलट देताय. ते डावरे होते."

खरंच की. अण्णा जेवायचे उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने. वीस वर्षं समोर बघून माझ्या लक्षात नाही. तिने पीळ फिरवला आणि फास टिकला. ताण तिला पुरेना, तो नवऱ्याने दिला, चिमूट तिनेच धरली.

उंचीची खूण रंगाखाली गेली होती, म्हणून आईंना परत उभं केलं आणि हात सैल सोडायला सांगितलं. मनगट अकरा वर्षांपूर्वीपेक्षा खाली आलंय. जुन्या हुकाच्या दोन बोटं खाली नवीन हुक मारला.

आई पलंगावरून उठल्या, दोर धरला आणि टिचकी मारली. त्यांनाही ती सवय होती हे मला माहीत नव्हतं. मग निघाल्या. पहिल्या गाठीशी थांबल्या, पाय उचलला, आणि तसाच धरून म्हणाल्या, "उंबऱ्याची गाठ वीतभर लवकर आली गं."

मोजून पाहिलं. खरंच वीतभर अलीकडे होती.

हायवे

गाठी मारल्या की दोर तेवढा आखूड होतो, ताई. आठाची गाठ बरीच खाते. शेवटची आधी मारा आणि तिथून मागे पलंगाकडे मोजत या, म्हणजे चुकणार नाही.

उंबरठा

करते तसं. आज मुलीची शाळा आहे, संध्याकाळी ती आली की परत सोडतो.